तव्यावरचं पहिलं धिरडं

उमरगा,
माघ वद्य पंचमी, फसली १३५५

प्रिय सिद्धम्मा हिस, दोडव्वाचा भरल्या पोटानं आणि भरल्या मनानं आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नकोस. दरवेळी पत्र तुझे दोडप्पा लिहितात आणि शेवटी ‘घरच्या सर्वांचे आशीर्वाद’ असं म्हणून मला त्यात गुंडाळून टाकतात. ह्या वेळी मी स्वतः लिहितेय. माझे वडील मुरूमच्या मठात मुलांना शिकवायचे, तेव्हा दाराआड बसून मी जी काय अक्षरं गिरवली ती आज कामाला आली. ऱ्हस्वदीर्घ तेवढे पदरात घे. आमच्या बंडप्पाच्या मास्तरांपुढं बसून तू वाचायला शिकलीस ते फार बरं झालं, नाहीतर हे पत्र कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं आणि मग मी ते लिहिलंच नसतं. तुझे दोडप्पा दोनदा डोकावून गेले. “काय लिवायलीस एवढं? पुराण लिवायलीस का काय?” म्हणाले. मी म्हटलं, डिंकाच्या लाडवाचं सामान लिहून काढतेय. खोटं बोलले. इतकी वर्षं बोलले, त्यात आणखी एक.

इकडं सगळं ठीक आहे. काळी म्हैस पंधरा दिवसांपूर्वी व्याली, पारडी झाली. शरणम्मा सासरहून, लोहाऱ्याहून, चार दिवस येऊन गेली, तिच्या पोराला दात येतायत म्हणून तो सगळ्यांना चावत फिरला. चुलीच्या अंगाची खोली सारवून, पांढऱ्या मातीनं पोतारून ठेवली आहे. बाज नव्यानं विणून घेतली. खारीक, खोबरं, अळीव, बाळंतशेपा आणून डब्यांत भरल्या. सोमवारी आपला गडी रामलिंग गाडी घेऊन आळंदला निघेल आणि आठवा लागायच्या आत तू बाळंतपणाला इथं येशील, असं तुझ्या सासूबाईंशी ठरवून मी परत आले. तू यावीस असं मला फार वाटतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की म्हातारी येऊ नको म्हणतेय. तसं बिलकूल नाही. पण गाडीत बसायच्या आधी तुला एक गोष्ट कळायला हवी, आणि ती कळल्यावर तू येशील की नाही हे मला माहीत नाही.

गोष्ट धिरड्यांची आहे. हसू आलं असेल तर हसून घे.

आपल्या घरची सकाळ तुला सांगायला नको, पण लिहायला बरं वाटतं म्हणून लिहिते. जोंधळ्याचं पीठ आंबट ताकात भिजवलेलं. त्यात मूठभर हरभऱ्याचं, मूठभर गव्हाचं, हातावर चोळलेला ओवा, तीळ, बारीक चिरलेली मेथी नाहीतर कांद्याची पात, आणि मिरची पोरांच्या बेतानं. चुलीवर बिडाचा जड तवा. अर्धा कांदा काडीला टोचून तेलात बुडवायचा आणि तव्यावर फिरवायचा. वाटीनं पीठ कडेकडेनं ओतत मध्ये यायचं, झाकण घालायचं, जाळी पडली की उलथायचं. वर लोण्याचा गोळा, शेजारी शेंगांची चटणी. लिंगपूजा झाल्याशिवाय आपल्यात कुणी पाण्याचा घोट घेत नाही, त्यामुळं पूजा आटोपून पाटावर येणारा प्रत्येक जण कडकडून भुकेलेला असायचा. तुझे दोडप्पा सहा खायचे आणि चार खाल्ली म्हणायचे. उमरग्यात माझ्या धिरड्यांचं नाव होतं. मला त्याचा गर्व होता, अजूनही आहे, उगाच नम्रपणा कशाला दाखवू.

तुझी अव्वा, माझी धाकटी जाऊ गौरम्मा, गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. तुझे आप्पा त्याच्या दोन वर्षं आधीच प्लेगात गेले होते. गौरम्मा अकरा दिवस तापात होती. नवव्या दिवशी तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “अक्का, सिद्धीला सकाळी लई भूक लागती. तिला थांबवू नका.” दुसरं काही मागितलं नाही. तुझ्या लग्नाचं नाही, दागिन्यांचं नाही. मी म्हटलं, “न्हाय थांबवणार.” आणि हा शब्द मी पाळला, सिद्धी. ह्या एका शब्दावर मी इतकी वर्षं स्वतःला चांगली बाई समजत आले.

घरात सगळ्यांत आधी तू उठायचीस. एवढीशी पोर, डाव्या तळहातावर गळ्यातलं लिंग धरून डोळे मिटायचीस, आणि त्यातला एक डोळा चुलीकडं उघडा असायचा. तू पाटावर यायचीस तेव्हा तवा नुकता कुठं तापायला लागलेला असायचा. पहिलं धिरडं त्याला चिकटून बसायचं. उलथताना त्याच्या चिंध्या व्हायच्या, कुठं कच्च्या, कुठं करपलेल्या. त्या खरवडून मी तुझ्या ताटात घालायची. थांबवायचं नाही ना पोरीला, मग पहिलं तिचंच. पहिल्या दिवशी माझ्या मनात खरंच काही नव्हतं, लिंगावर हात ठेवून सांगते. दुसऱ्या दिवशीही नसेल. पण नऊ-दहा वर्षं रोज सकाळी मनात काही नव्हतं असं दुसरी कुणी बाई म्हणाली असती, तर मी तिला तोंडावर खोटारडी म्हटलं असतं. त्यानंतरचं धिरडं तुला मिळायचं का? मिळायचं कधीमधी. पण तोवर माझी दोघं, बंडप्पा आणि शरणम्मा, डोळे चोळत यायची, मग दोडप्पा यायचे, आणि तुझी पाळी फिरून येईपर्यंत तू उठून कळशी उचललेली असायची. मी तुला कधी बस म्हटलं नाही. हवं का, असंही विचारलं नाही.

आणि ते ताट! आपल्यात ताटात टाकत नाहीत. पूजेनंतर पुढ्यात आला तो प्रसाद. शेवटचा कण बोटानं पुसून खायचा, ताटात पाणी फिरवायचं आणि तेही पिऊन टाकायचं. बोबडं बोलणाऱ्या पोरालासुद्धा आपण हेच शिकवतो. तुझं ताट सगळ्यांत लख्ख. मी ते बघायची आणि मनाशी म्हणायची, बघा, पोरीनं आवडीनं खाल्लं. आता ह्याचं हसूही येतं आणि रडूही. ज्या घरात उपाशी माणसाचं आणि पोट भरलेल्या माणसाचं ताट सारखंच लख्ख निघतं, तिथं ताट बघून काय कळणार? दुसऱ्या कुणाच्या घरी असतीस तर करपलेले तुकडे कडेला सारून ठेवले असतेस. वाढणारीला ते दिसले असते, एखादे दिवशी तिच्या मनाला टोचलं असतं. आपल्या घरात तुला तेवढीही सोय नव्हती. मी मात्र त्या लख्ख ताटाची साक्ष काढून रोज निर्दोष सुटायची.

एक सकाळ तुला आठवत असेल, किंवा नसेलही. तू आठ वर्षांची, शरणम्मा सात. तिनं काय केलं, आपलं अख्खं, लोणी घातलेलं धिरडं उचलून तुझ्या ताटात टाकलं आणि तुझ्यातले मोडके तुकडे स्वतः घेतले. लेकरू होतं, दया आली असेल, नाहीतर नुसता खेळ असेल. मी चुलीपुढून उठले, तिचं तिला परत दिलं, तुझे तुकडे तुला दिले, आणि म्हटलं, “ताटात पडलेला प्रसाद दुसऱ्याला देत न्हाईत. पाप लागतं.” असं कुठं सांगितलंय की नाही ते मला आजही माहीत नाही. मठात स्वामींना विचारायची हिंमत कधी झाली नाही, कारण ते नाही म्हणाले असते तर मी कुठं तोंड लपवलं असतं? शरणम्मा भोकाड पसरून रडली. तू रडली नाहीस. तू म्हणालीस, “मला हेच आवडतंय, दोडव्वा.” बस, मला तेवढंच हवं होतं. त्या दिवसापासून मी गावभर सांगत सुटले की आमच्या सिद्धीला मोडकंच आवडतं. बंडप्पा तुला ‘मोडकी सिद्धी’ म्हणून चिडवायचा. दोडप्पा ऐकायचे आणि खाली मान घालून आपलं सहावं धिरडं संपवायचे. पुरुषमाणसाला चुलीपुढचं दिसत नाही असं आपण म्हणतो. मला वाटतं दिसत होतं त्यांना, पण माझ्या तोंडाला कोण लागणार.

मग सरकारच्या सक्तीच्या लेव्हीचं वर्ष आलं. तहसिलीतला गिरदावर चार माणसं घेऊन आला आणि जोंधळा मोजून नेला. आपल्याला पेवाचा तळ खरवडायची वेळ आली. जमिनीखालच्या त्या खड्ड्यात कडेचं धान्य ओल लागून काळं पडलं होतं, त्याला उबट वास यायचा, दळून आणलं तरी पीठ करडं दिसायचं. तेव्हा मी दोन पातेली करायला लागले. एकात मधल्या चांगल्या जोंधळ्याचं पांढरं पीठ, ते पुरुषांसाठी आणि शरणम्मासाठी, कारण तिला ताप येऊन गेला होता. दुसऱ्यात करडं, ते तुझं आणि माझं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, “आमी बायका काय, कसलंबी खाऊ.” शेजारच्या कडूबाईनं तर माझं कौतुक केलं, की स्वतःच्या तोंडचा घास काढून नवऱ्या-पोरांना घालते. आता खरं लिहिते. उभ्या उभ्या, चुलीमागं, तुझी पाठ वळली की पांढऱ्यातली दोन मी खायची. रोज. करडं पातेलं तुझ्या एकटीचं होतं. त्या वर्षी तू किती वाळलीस ते तुझ्या लग्नाच्या चोळ्या शिवताना शिंप्यानं मला सांगितलं. मी म्हटलं, वाढीची पोर आहे, उंच झाली म्हणून तशी दिसते.

हे सगळं मी विसरले होते. खरंच विसरले होते, सिद्धी, आव आणत नाही. तू आळंदला गेलीस, चांगलं घर मिळालं, जावई शांत, सासूबाई बोलायला फटकळ पण मायेच्या. मी म्हणायची, माझ्या हातनं एक पुण्याचं काम झालं. ओटी भरायला मागच्या पंधरवड्यात आळंदला आले तीही ह्याच तोऱ्यात. तुला बाळंतपणाला घेऊन जाते असं मी म्हटलं तेव्हा चन्नम्मा विहीणबाई सरळ नाही म्हणाल्या. “आई न्हाय तिथं पहिलटकरीण कशी धाडू? राग मानू नका. इथंच होऊ द्या.” मला राग आला. रात्रभर मी उत्तरं जुळवत राहिले, मी तिला कशी पोटच्या पोरीसारखी वाढवली, काय काय केलं. सकाळी सांगणार होते.

सकाळी तू चुलीपुढं बसली होतीस. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत, एक पाय पसरून, धिरडी घालत होतीस. मला कौतुक वाटलं, माझंच वळण, वाटी धरायची तऱ्हाही माझीच. पहिलं धिरडं जरा चिकटलं, फाटलं. तू ते आपल्या ताटात काढून घेतलंस. तेव्हा चन्नम्मा हसल्या आणि मला म्हणाल्या, “काय म्हणावं तुमच्या पोरीला! आमच्यात पहिलं गाईला जातंय. ही गाईच्या तोंडचं काढून खाती बघा. नवीन आली तवा इचारलं, तर म्हणली, आमच्या घरी पहिलं धिरडं लाडक्याला देत्यात. दोडव्वा मलाच द्यायची, रोज, सगळ्यांच्या आधी.” मग त्यांनी पदरानं डोळे पुसले. “आईविना पोरीला सगळ्यांच्या आधी वाढायचं, ते बी सोताची दोन लेकरं असताना. कोण करतंय हो असं? मी कालचं माघारी घेती. घेऊन जावा तिला. अशा घरी धाडायला काळजी कसली?”

तू आमच्याकडं पाठ करून बसली होतीस. तुझ्या हातातलं उलथनं क्षणभर थांबलं, एवढं मी पाहिलं. तू वळून बघितलं नाहीस. मी काय म्हटलं ते तू ऐकलंस. मी म्हटलं, “व्हय. तिची आई सांगून गेली हुती.” एवढ्यावर न थांबता मी मान डोलावली, जशी देवळात लोकांसमोर डोलावतात तशी. नंतर तू माझं ताट वाढलंस. पांढरंशुभ्र धिरडं, भरपूर जाळी पडलेलं, कुठं एक भोक मोठं नाही की एक कड करपलेली नाही, वर लोणी. “घ्या दोडव्वा” म्हणालीस. मी ते खाल्लं. टाकायचं नाही ना. शेवटचा कण पुसला, पाणी फिरवलं, प्याले. आयुष्यात इतकं जड काही मी गिळलं नाही.

तेव्हापासून मला एकच प्रश्न पडलाय. तुला ते खरंच तसं वाटत होतं का? सहा वर्षांच्या पोरीनं आपल्या समजुतीसाठी बांधलेली गोष्ट तू खरी धरून मोठी झालीस, की तुला सगळं कळत होतं आणि सासरी माहेरची लाज राखायला तू तसं सांगितलंस? दोन्हींतलं कुठलं खरं असलं तर मला बरं वाटेल, ह्याचा मी खूप विचार केला. कुठलंच नाही. पहिलं खरं असेल तर मी एका लेकराला फसवलं. दुसरं खरं असेल तर त्या लेकरानं मला झाकून घेतलं, आणि मी त्या पांघरुणात आरामात बसले.

आता तव्याचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. पहिलं धिरडं मोडतंच, असं सगळ्या बायका म्हणतात. मीही म्हणायची. ते खरं नाही, आणि खरं नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. तुझ्या अव्वाचं पहिलं धिरडं कधी मोडायचं नाही. ती तवा मंद जाळावर ठेवायची, घाई करायची नाही, मिठाच्या पाण्याचा हबका मारून पुसून घ्यायची, कांदा दोनदा फिरवायची, आणि मगच वाटीला हात लावायची. एवढाच काय तो वेळ जास्त. आमच्या सासूबाई मला म्हणायच्या, “गौरीचा हात बघ, शिक काहीतरी,” आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती गेली तेव्हा मी रडले, खूप रडले, पण आता माझ्या धिरड्यांना कुणी नाव ठेवणार नाही असंही मला वाटलं. हे वाक्य लिहून मी एकदा खोडलं होतं. परत लिहिलं. पाहुणे असले की मी तिच्यासारखाच तवा तापवायची आणि माझंही पहिलं धिरडं अख्खं उतरायचं. रोज तेवढी तसदी घेत नव्हते, कारण मोडकं खायला घरात तू होतीस. तू नसतीस तर ते बंडप्पाच्या ताटात गेलं असतं, आणि बंडप्पाच्या ताटात मी चिंध्या घातल्या नसत्या. दुसऱ्या दिवसापासून तवा नीट तापवला असता.

आळंदहून आल्यापासून पहिलं मी खाते. बंडप्पाची बायको हसते, म्हणते आत्याबाईंना नवीन नेम लागला. पण त्याला काही अर्थ नाही हे मलाही कळतं. माझं पोट भरलेलं आहे आणि त्यामागून येणारं दुसरं गरम धिरडंही माझंच आहे. तुझ्या दोडप्पांना मी परवा हे सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पोरगी यायलीय ना? मग आता कशाला उकरायलीस? आली की लोणी घाल दुप्पट.” वाईट मनानं नाही बोलले. मलाही दोन दिवस तेच वाटत राहिलं, की तू आलीस की मी तुला असं खाऊ घालीन, बाळंतपण असं करीन, की मागचं सगळं भरून निघेल आणि बोलायची गरजच पडणार नाही. पण तुझ्या सासूबाईंनी तुला धाडायचं कबूल केलं ते माझ्या एका खोट्या ‘व्हय’वर. त्यांना आधी काळजी वाटली होती, ती खरी होती. म्हणून हे पत्र त्यांनाही वाचून दाखव. त्यांना वाचता येत नाही म्हणून मधलं काही गाळू नकोस, पेवाचंही नको, तव्याचंही नको.

तू विचारशील, दोडव्वा, हे तुम्ही मी आल्यावर समोर बसवून सांगायचं होतं, एवढी बोटं कशाला दुखवली. तेच शेवटी सांगते. महालिंगप्पा उद्या भुसार घेऊन आळंदच्या बाजाराला निघालेत, त्यांच्या हाती हे मुद्दाम देतेय, म्हणजे रामलिंगची गाडी पोचायच्या दोन दिवस आधी तुला मिळेल. माझ्या घरात, माझ्या चुलीपुढं सांगितलं असतं, तर तू लगेच “असू द्या दोडव्वा” म्हणाली असतीस, आणि मी ते खरं धरून मोकळी झाले असते. माझ्या घरात तुला मी कधी नको म्हणू दिलं नाही. तू तुझ्या घरी आहेस, तुझ्या माणसांत आहेस, तोवर तुला हे कळावं म्हणून लिहिलं. यावंसं वाटलं तर ये, मी जीव लावून तुझं करीन, आणि चुकले तर तोंडावर बोल. यायचं नसेल तर कारण शोधत बसू नकोस, तब्येतीचं खोटं सांगू नकोस, मला वाईट वाटेल म्हणून तर अजिबात येऊ नकोस. रामलिंगला जेवू घाल आणि गाडी रिकामी लाव माघारी. बुधवारी दुपारी मी वेशीपाशी उभी असेन. गाडी रिकामी दिसली तर रडेन, ते काही मला चुकणार नाही, पण तुला बोल लावणार नाही. पोरगी पहिल्यांदा मला नाही म्हणाली, असं म्हणेन, आणि बैलांना पाणी दाखवून घरी जाईन.

तुझीच,
दोडव्वा